पिकेलहाउबे घेण्याआधी बिल्ला काढून आतली भोकं बघा

जर्मनीत राहणाऱ्या किंवा तिथल्या नातेवाइकांकडून जुन्या लष्करी वस्तू मागवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितो आहे. कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, सैन्याचं ते पितळी टोकाचं चामडी हेल्मेट, पिकेलहाउबे, मला बाराशे युरोंना अस्सल म्हणून विकलं गेलं. भारतात बनणारी शोभेची हेल्मेटं असतात, तसलं ते असतं तर दुरूनच ओळखू आलं असतं. इथे चामडं शंभर वर्षांहून जुनं होतं, पुढचा बिल्लाही जुनाच होता. फक्त ते दोन्ही एकमेकांचे नव्हते.

प्रशियाने हे हेल्मेट 1842 मध्ये आणलं. 1871 मध्ये जर्मन साम्राज्य उभं राहिलं तरी बव्हेरिया, सॅक्सनी आणि वुर्टेम्बर्ग या राज्यांनी आपापली सैन्यं नावापुरती का होईना वेगळी राखली, आणि हेल्मेटवरचा बिल्लाही राज्यागणिक वेगळा राहिला. प्रशियाचा पंख पसरलेला गरुड. वुर्टेम्बर्गची ढाल, तिला एका बाजूने सिंह आणि दुसऱ्या बाजूने शिंगांचं हरण धरून उभं, खाली ‘निर्भय आणि एकनिष्ठ’ अशा अर्थाचं ब्रीद. डाव्या कानाजवळ राज्याच्या रंगांची चकती, म्हणजे वुर्टेम्बर्गची काळी-लाल-काळी. उजव्या कानाजवळ 1897 पासून साम्राज्याची काळी-पांढरी-लाल. प्रशियाचं सैन्य अवाढव्य, वुर्टेम्बर्गची मात्र एकच कोअर (सैन्याचा मोठा विभाग), तेरावी. त्यामुळे साध्या शिपायाचं प्रशियन हेल्मेट आजही बऱ्यापैकी मिळतं, वुर्टेम्बर्गचं शोधावं लागतं आणि त्याला दामही जास्त पडतो. प्रशियन हेल्मेटवरचा गरुड काढून ढाल बसवली, डावी चकती बदलली, की भाव चढला.

मी लुडविग्सबुर्गला राहतो. हे जुनं छावणीचं गाव आहे. 121 वी वुर्टेम्बर्ग पायदळ रेजिमेंट इथलीच. जुन्या वस्तूंच्या बाजारात हेल्मेट विकणाऱ्या त्या माणसाशी बोलताना मी हे सांगितलं, आणि पाचएक मिनिटांत त्याच्या टेबलाखालून नेमकं ‘121 वालं’ हेल्मेट निघालं. म्हणे आजोबांचं. सोबत एक स्टुडिओतला फोटो, गणवेशातला तरुण, डोक्यावर हेच हेल्मेट. फोटोत हेल्मेटवर कापडी खोळ होती, त्यामुळे बिल्ला दिसतच नव्हता. असे अनोळखी सैनिकांचे फोटो तिथे खोक्यांत भरून दोन-पाच युरोंना मिळतात. वर एका ‘तज्ज्ञा’चं शिक्क्यासह प्रमाणपत्र. त्या तज्ज्ञाने हेल्मेट कुठून उघडून पाहिलं, काय तपासलं, याचा त्यात एक शब्द नाही, फक्त ‘निःसंशय अस्सल’.

बिल्ला काढून पाहू का, असं मी विचारलं होतं. तो लगेच म्हणाला, “नको, चामडं वाळलंय, तडा जाईल, मग किंमत शून्य.” हे वाक्य लक्षात ठेवा. वाळलेलं चामडं खरंच तडकतं, त्यामुळे त्याचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं. पण शिपायाच्या हेल्मेटचा बिल्ला बहुधा मागच्या दोन कड्यांवर बसवलेला असतो. कड्या चामड्यातून आत येतात आणि त्यात चामड्याच्याच छोट्या पाचरी ठोकलेल्या असतात. माहीतगार माणूस पाचरी हळूच ओढून बिल्ला काढतो. विक्रेत्याला भीती वाटत असेल तर त्यानेच काढून दाखवावा. तेही नको म्हणत असेल तर उठून निघा.

एका वयस्क संग्राहकांनी नंतर ते माझ्यासमोर उघडलं. आत भोकांच्या दोन जोड्या निघाल्या. एक जुनी, कडा गुळगुळीत झालेल्या, काळ्या मेणाने बुजवलेली. त्या जागी गरुडाच्या कड्या अगदी बरोबर बसतात. दुसरी ताजी, आतला कोरा तपकिरी रंग दाखवणारी. ढालीमागच्या कड्याही नव्याने डागलेल्या, त्या डागाचा कथील अजून चकाकत होता. मग त्यांनी अंधारात अस्तरावर जांभळा अतिनील दिवा धरला. शिवणीचा दोरा निळसर पांढरा उजळला. कैसरच्या काळातला सुती दोरा असा उजळत नाही. दोऱ्याला असं उजळवणारी रसायनं नंतरची.

सगळ्यात वाईट गोष्ट मानेच्या पट्टीखाली होती. तिथे गणवेश डेपोचा शिक्का असतो: ‘बी.ए.’, पुढे कोअरचा रोमन अंक आणि वर्ष. माझ्या हेल्मेटवर तेरा ठसठशीत दिसत होता. टॉर्च आडवा धरल्यावर त्याच्याखाली घासून काढलेल्या जुन्या शिक्क्याची सावली उमटली. रोमन सात. सातवी कोअर म्हणजे म्युन्स्टर, वेस्टफालिया. हे हेल्मेट तिकडच्या कुणा शिपायाने घातलं होतं. वर्ष गेलं, रेजिमेंटची खूण गेली, कंपनीची गेली. बाराशे युरो कदाचित परत येतील. पॉलिश पेपरने घासलेली ती ओळ आता कुणालाच परत वाचता येणार नाही. कैसरच्या साम्राज्याबद्दल मला प्रेम नाही, पण ज्या पोराच्या डोक्यावर हे चढवून त्याला 1914 मध्ये आघाडीवर धाडलं, त्याचा जो काही माग उरला होता तो तीनचारशे युरोंच्या जादा नफ्यासाठी पुसला गेला. याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

आजोबांची गोष्टही तपासता येते, हे फार जणांना ठाऊक नसतं. प्रशियाच्या सैन्याची कागदपत्रं एप्रिल 1945 च्या बॉम्बफेकीत पोट्सडामला बहुतांशी जळाली. वुर्टेम्बर्गची मात्र वाचली, आणि स्टुटगार्टच्या मुख्य राज्य अभिलेखागारात सैनिकांच्या नोंदवह्या आहेत. म्हणजे कुणी ‘वुर्टेम्बर्गचे आजोबा’ सांगितले तर नाव, गाव आणि कंपनी विचारून घ्यायची. माझ्या विक्रेत्याने दिलेलं आजोबांचं नाव त्याने सांगितलेल्या कंपनीच्या वहीत नाही. आणि घेण्याआधी एकदा राश्टाटच्या राजवाड्यातल्या लष्करी इतिहास संग्रहालयात जाऊन या. खरे बिल्ले नीट डोळ्यांखालून गेले की पुष्कळ कळतं.

पावतीबद्दल सांगायलाच हवं. त्याने तिच्यावर ‘जुनं हेल्मेट, डेको (म्हणजे शोभेची वस्तू), पाहून घेतलं’ एवढंच लिहिलं. तोंडी वुर्टेम्बर्ग, कागदावर डेको. तुम्ही घेताना ‘वुर्टेम्बर्ग, शिपायाचं, 1895 चं मॉडेल, सर्व भाग मूळचे’ असं लिहून मागा. लिहायला हात अडखळला की उत्तर मिळालंच. तरीही अशा पावतीने सगळं संपत नाही. जर्मन नागरी कायद्याच्या कलम 444 प्रमाणे, दोष मुद्दाम लपवला असेल तर ‘पाहून घेतलं’ या शब्दांआड विक्रेत्याला लपता येत नाही. कलम 123 खाली फसवून झालेला व्यवहार रद्द करता येतो, मात्र फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत. मी वकिलामार्फत तसं पत्र पाठवलं आहे.

त्याचं उत्तर आलं. हेल्मेट परत द्या, तक्रार नाही असं लिहून द्या, पैसे देतो. पैसे घेईन, व्यवहार रद्द झाल्यावर हेल्मेटही द्यावंच लागेल, पण तक्रार नाही असं लिहून देणार नाही. ते परत गेलं की पुढच्या बाजारात कुणाच्या तरी गावच्या रेजिमेंटचं होऊन पुन्हा टेबलावर येईल. म्हणून फोटो आधीच पोलिसांकडे आणि बाजाराच्या आयोजकांकडे दिले आहेत. तुमच्यासमोर आलं तर खुणा या: आत मेणाने बुजवलेली भोकांची जोडी, डाव्या कानामागे पॉलिशखाली नखाएवढी आडवी चीर, आणि मानेच्या पट्टीखाली तेराच्या आत दबलेला सात.