माझदा ३: सोळा महिने, २१ हजार किलोमीटर आणि मध्ये एक हिरोशिमाची फेरी

मेलबर्नला येऊन आठ वर्षं झाली, त्यातली साडेसहा एका जुन्या सेकंडहँड गाडीवर काढली, आणि मागच्या वर्षी पहिल्यांदाच नवीकोरी गाडी घेतली. माझदा ३ हॅचबॅक, दोन लिटर पेट्रोल, सहा स्पीड ऑटोमॅटिक, रंग तो त्यांचा लाल, सोल रेड क्रिस्टल. सोळा महिन्यांत २१ हजार किलोमीटर झाले. ओळखीतल्या चार-पाच जणांनी "कशी आहे गं, घेऊ का" असं विचारलंय, प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. लांबेल थोडं, कारण ही कंपनी मला गाडीइतकीच आवडायला लागलीये.

इथे आपल्या लोकांचं एक ठरलेलंय, गाडी घ्यायची तर टोयोटा, डोळे झाकून, रिसेलला मरण नाही. चुकीचं नाहीये ते. पण आम्ही तीन-चार शोरूम फिरलो आणि ह्या गाडीत बसल्यावर मला उठावंसं वाटेना. बाबांना इस्लामपूरला फोन करून सांगितलं माझदा घेतोय, तर ते म्हणाले "म्हणजे ती स्वराज माझदा?" बरोबरच आहे त्यांचं, आमच्या शाळेची मिनीबस स्वराज माझदाच होती. पंजाब ट्रॅक्टर्सनी ८० च्या दशकात ह्याच जपानी कंपनीबरोबर भागीदारी करून ते ट्रक आणि बस काढले होते, पुढे माझदा त्यातून बाहेर पडली आणि २०११ मध्ये कंपनीचं नाव बदलून एसएमएल इसुझू झालं. माझदाच्या कार भारतात मिळत नाहीत त्यामुळे आपल्याकडे हे नाव म्हणजे बस, एवढंच डोक्यात राहिलंय. ऑस्ट्रेलियात उलट. इथे होल्डन कमोडोर ही इथेच बनणारी गाडी सलग पंधरा वर्षं विक्रीत पहिली होती, तिला २०११ मध्ये खाली ढकललं ते माझदा ३ नी, आणि २०१२ मध्येही हीच पहिली.

आता चालवायला कशी आहे ते. मला सगळ्यात आधी जाणवलं ते ॲक्सिलरेटरचं पेडल. बहुतेक गाड्यांत ते वरून लोंबकळतं, ह्यात ते खाली फ्लोअरला बिजागरीवर बसवलंय, आपल्या संगीत नाटकातल्या ऑर्गनची पायपेटी असते ना तसं, आणि त्याला नावही ऑर्गन टाइप पेडलच आहे. टाच जमिनीला टेकलेली राहते, पावलाचा आणि पेडलचा फिरण्याचा कोन एकच, त्यामुळे तासन्तास चालवली तरी पोटरी भरून येत नाही. आम्ही डिसेंबरात ॲडलेडला गेलो होतो, साधारण ७३० किलोमीटर, मधे जेवायला आणि चहाला थांबलो तेवढंच, त्यातली दोन तृतीयांश गाडी मी चालवली. माझं कंबरेचं दुखणं बाळंतपणापासूनचं, आधीच्या गाडीत दोन तास झाले की उतरून चालायला लागायचं. ह्या सीटवर कंबर ताठ राहते, म्हणजे माणूस उभा असताना पाठीच्या कण्याला जो बाक असतो तोच बसल्यावर राहावा असं बघून ती सीट केलीये. ॲडलेडला उतरले आणि सरळ सामान उचलून आत गेले, ह्याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

पॉवर ११४ किलोवॅट, आकडा काही थरारक नाही, टर्बो वगैरे नाही, पण मागू तेवढी लगेच मिळते आणि वळणावर गाडी हातात राहते. ग्रेट ओशन रोडला हे नीट कळतं. ॲव्हरेज माझं मिळून १०० किलोमीटरला साधारण ७.१ लिटर, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला १४, शहरात १२ ला येते आणि हायवेला १७-१८ पर्यंत जाते. साधं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल चालतं. स्क्रीन हाताने टोचावी लागत नाही, गिअरशेजारी एक गोल नॉब आहे तो फिरवायचा आणि दाबायचा, पहिला आठवडा हात चाचपडतो, नंतर मान न वळवता सगळं होतं. कंपनीचं म्हणणं असं की चालवताना स्क्रीनकडे हात लांबवला की दुसऱ्या हाताने नकळत स्टिअरिंग ओढलं जातं आणि नजरही रस्त्यावरून हटते. मला पटतं. एसीची बटणं तर खरीखुरी बटणं आहेत, ह्यासाठी वेगळे आभार.

ज्यांना कुटुंबासाठी घ्यायचीये त्यांनी हे वाचा. मागच्या सीटवर जागा बेताचीच आहे, मागचा खांब जाड आणि खिडक्या लहान, त्यामुळे मागे बसलेल्याला जरा अंधारं वाटतं आणि रिव्हर्स घेताना कॅमेऱ्यावर भिस्त ठेवावी लागते. डिकी २९५ लिटर. आईबाबा तीन महिने आले होते तेव्हा त्यांच्या बॅगा एका फेरीत मावणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून नवरा टॅक्सीने वेगळा आला. आईचे गुडघे दुखतात आणि गाडी खाली आहे, ती पुढेच बसायची. इथले ओबडधोबड खडीचे हायवे आहेत तिथे टायरचा आवाज आत येतो, १८ इंची टायर आहेत. आणि लाल रंगाला जास्तीचे पैसे पडतात, ओरखडा गेला तर तो रंग जुळवणं सोपं नसतं कारण खाली चकाकणारा थर आणि वर पारदर्शक लाल थर असे एकावर एक थर आहेत. पण संध्याकाळच्या उन्हात पार्किंगमध्ये लांबून दिसते ना, तेव्हा दिलेले पैसे वसूल वाटतात मला. बिघाड शून्य. एक सर्व्हिसिंग झालं, काचेला ट्रकमागून उडालेला एक खडा लागला तो भरून घेतला, बाकी काही नाही.

तर हे झालं गाडीचं. एप्रिलमध्ये आम्ही जपानला गेलो होतो, मी हट्टाने हिरोशिमाचे तीन दिवस ठेवले. एक दिवस पीस पार्क आणि म्युझियम, त्याबद्दल मी इथे लिहीत नाही, लिहिता येणारही नाही. दुसऱ्या दिवशी लोकलने मुकाइनादा स्टेशन आणि तिथून चालत माझदाचं हेडऑफिस. आधी बुकिंग करावं लागतं, मग ते तुम्हाला त्यांच्या बसने कारखान्याच्या आतून म्युझियमला नेतात.

कंपनी सुरू झाली १९२० मध्ये आणि ती चक्क बुचांची कंपनी होती, तोयो कॉर्क कोग्यो, बाटलीचं बूच असतं ना तेच कॉर्क. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे प्रमुख झाले, कोळ्याच्या घरात जन्मलेला माणूस, लहानपणी ओसाकाला लोहारकामाला लागलेला. १९३१ मध्ये त्यांनी माझदा-गो नावाची तीनचाकी मालगाडी काढली, पुढून मोटरसायकल आणि मागे हौदा, मी फोटो बाबांना पाठवला तर लगेच उत्तर, "अगं ही तर आपली टमटम". माझदा हे नाव मात्सुदांच्या आडनावाशी जुळतं, जपानीत तर कंपनीच्या नावाचा उच्चार मात्सुदा असाच होतो, आणि दुसरीकडून ते अहुर मझ्दावरून घेतलंय, पारशांचा देव. माझा नवरा दादर पारशी कॉलनीच्या शेजारी वाढलाय, त्याला हे कळल्यावर तो त्या पाटीपुढेच दोन मिनिटं उभा होता.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. त्याच सकाळी बॉम्ब पडला. कारखाना स्फोटाच्या मध्यापासून पाच-सव्वापाच किलोमीटरवर आणि मधे हिजियामा नावाची एक छोटी टेकडी, त्या टेकडीच्या आडोशाने इमारती बऱ्याच वाचल्या. मग जखमी लोकांवर तिथेच उपचार झाले, आणि प्रांताच्या सरकारची कचेरीच उद्ध्वस्त झालेली म्हणून सरकारचा कारभार पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत ह्या कंपनीच्या इमारतीतून चालला. आणि त्याच डिसेंबरात, म्हणजे चार महिन्यांत, तीनचाकी गाड्या परत बनायला लागल्या. आदल्या दिवशी पीस पार्कच्या म्युझियममध्ये ते सगळं बघून आलेलो होतो, आणि आज हे ऐकत होतो, माझा घसा दाटून आला. त्या शहराला माल वाहायला गाडी हवी होती, ती त्याच शहरातल्या माणसांनी बनवली.

रोटरी इंजिनाबद्दल गाडीवेडे लोक एवढं का बोलतात ते मला इथे कळलं. साध्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, ह्यात एक फुगीर त्रिकोण शेंगदाण्याच्या टरफलासारख्या पोकळीत गोल फिरतो. कल्पना जर्मन, फेलिक्स वांकेल यांची, आणि माझदाने १९६१ मध्ये एनएसयू कंपनीशी करार करून ती घेतली कारण तेव्हा जपान सरकार लहान कार कंपन्या मोठ्यांत विलीन करायच्या विचारात होतं आणि टिकायचं तर आपल्याकडे असं काहीतरी हवं जे दुसऱ्या कुणाकडे नाही. पण ते इंजिन चालेना. त्रिकोणाच्या टोकांवरच्या सील आतल्या भिंतीवर ओरखडे पाडायच्या, कामगार त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर दिले, जपानच्या ४७ रोनिनांच्या, म्हणजे धनी नसलेल्या सामुराईंच्या, गोष्टीवरून त्यांना तेच नाव पडलं, आणि शेवटी ॲल्युमिनियम मिसळलेल्या कार्बनच्या सील करून त्यांनी तो प्रश्न सोडवला. १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. ती तिथे उभी आहे, पांढरी, बुटकी, आजही नवी वाटते. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले.

लगेच सहा वर्षांत तेलसंकट आलं. रोटरी पेट्रोल खूप पिते, हे तेव्हाही खरं होतं आणि आरएक्स-८ ह्या त्यांच्या शेवटच्या रोटरी स्पोर्ट्स कारलाही खरं होतं, ती २०१२ मध्ये बंद झाली. ७० च्या दशकात कंपनी बुडायलाच आली होती, सुमितोमो बँकेने सावरलं, आणि कारखान्यातल्या हजारो माणसांना काढून टाकण्याऐवजी गावोगाव गाड्या विकायला पाठवलं. मग १९७९ पासून फोर्डची भागीदारी, १९९६ मध्ये फोर्डचा वाटा ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले, जपानी कार कंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष. फोर्डने आपला वाटा कमी केल्यावर ह्यांनी टर्बो आणि हायब्रिडच्या मागे न धावता साध्या पेट्रोल इंजिनातच १४ ला १ असं कॉम्प्रेशन, म्हणजे आतलं मिश्रण १४ पट दाबणं, गाठून दाखवलं, तेच स्कायॲक्टिव्ह, माझ्या गाडीतलं इंजिन त्याच घराण्यातलं.

माझदाच्या म्युझियममध्ये सगळे थबकतात ते ७८७बी ह्या शर्यतीच्या गाडीसमोर. नारिंगी-हिरवी, ५५ नंबर. १९९१ मध्ये फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत तिने जिंकली, चार रोटरचं इंजिन, एकूण ३६२ फेऱ्या. जॉनी हर्बर्ट शेवटचा टप्पा चालवून उतरले तर उभं राहायचं त्राण नव्हतं, बक्षीस घ्यायला वर जाऊच शकले नाहीत. कुठल्याही जपानी कंपनीचा तिथला तो पहिला विजय, दुसऱ्या जपानी कंपनीला जिंकायला २०१८ उजाडलं. १९९१ मध्येच हिरोशिमाच्या तोयो कार्प ह्या बेसबॉल टीमने लीग जिंकली होती, ते 'तोयो' ह्याच कंपनीच्या जुन्या नावातलं, आणि त्यानंतर टीम परत जिंकली ती पंचवीस वर्षांनी. शहरात जिथे तिथे कार्पच्या लाल टोप्या दिसतात. लोकांनी ती टीम आणि ही कंपनी दोन्ही आपलीच धरलेली आहे.

ज्यांना विश्वासार्हतेचं विचारायचंय त्यांना माझं उत्तर: रोटरीवाली जुनी गाडी स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका, तिला सांभाळणारा माणूस लागतो. आताच्या पेट्रोल गाड्या वेगळ्या आहेत, निर्धास्त घ्या. आमच्या गल्लीत एक सत्तरीचे आजोबा आहेत, त्यांच्याकडे १९८९ साली आलेली पहिल्या पिढीतली एमएक्स-५ आहे, ते उघडझाप करणारे दिवे असलेली, रविवारी टप उघडून निघतात. मी लाल गाडी घेतल्यापासून मला हात करतात, एकदा थांबून त्यांनी बॉनेट उघडून सगळं दाखवलं. ह्या मॉडेलने दहा लाखांचा आकडा २०१६ मध्येच ओलांडला, दोन सीटच्या उघड्या गाडीने.

चार माणसं रोज मागे-पुढे बसणार असतील किंवा आईवडील वर्षातून सहा महिने इकडे असतील तर माझदाचीच उंच एसयूव्ही सीएक्स-५ बघा, नवरा अजूनही म्हणतो आपण तीच घ्यायला हवी होती. दोघं आणि एक मूल असेल तर हीच. शोरूमवाला ब्लॉकला एक चक्कर मारून आणतो त्यावर ठरवू नका, हायवे आणि वळणं दोन्ही मागा, आणि घरातल्या ज्येष्ठांना बरोबर न्या, मागे बसवून, उतरवून बघा. जवळपास राहणारे असाल तर शनिवारी सकाळी गाडी घरीच असते, या, चावी देते.