तोलाचे व्यायाम आणि गिटार: आठ महिन्यांनंतर

चाळिशीत गिटार शिकायला घेतली आणि एफ बार कॉर्डवर अडकलो. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर; बार कॉर्डमध्ये एकच बोट अनेक तारांवर आडवं दाबावं लागतं. तर्जनी पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांनी पाडलेल्या पहिल्या घरात) आडवी दाबली की दुसरी तार हमखास मुकी पडायची. चार महिने हेच चाललं. मग कुठेतरी वाचलं की सरावाआधी तोलाचे व्यायाम केले तर मेंदू शिकण्यासाठी अधिक तयार होतो. करून बघायचं ठरवलं. आता आठ महिने झालेत.

रोज दहा मिनिटं. आधी एका पायावर उभं राहायचं, डोळे उघडे, मग मिटून. डोळे मिटले की सगळा भार आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवांवर आणि तळपाय-घोट्यांकडून येणाऱ्या संवेदनांवर पडतो. घोट्याच्या पुढच्या शिरा सारख्या ताणतात, सैल होतात, अंगठा जमिनीत रुतू पाहतो. नंतर पाच मिनिटं वॉबल बोर्ड, म्हणजे उभं राहिलं की डुगडुगणारी फळी, आणि उतरल्याबरोबर गिटार मांडीवर. मध्ये फोन नाही.

पहिल्या महिन्यात बोटांत काडीचाही फरक पडला नाही. फरक पडला तो लक्षात. एरवी दहा मिनिटांत मी ओळखीच्या गाण्याकडे वळायचो. आता अर्धा तास एकाच कॉर्ड चेंजवर, म्हणजे एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाण्यावर, बसता यायला लागलं.

दीड महिन्यानंतर मात्र हे ओसरलं. कारण लक्षात यायला वेळ लागला: एका पायावर मी मिनिटभर आरामात उभा राहत होतो. डगमगणंच संपलं होतं! मग पायाखाली जाड उशी घेतली, मान डावी-उजवीकडे फिरवायला लागलो. पुन्हा तोल जायला लागला आणि सरावातली ती जाग परत आली. माझ्या मते या सगळ्यातलं मर्म हेच आहे. चूक होते, मेंदू ती पकडतो, दुरुस्त करतो. हेच मग गिटारवर आणलं. मेट्रोनोमवर (ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत बिनचूक वाजवत बसण्याऐवजी ७२ ला, जिथे पाचातला एक चेंज हुकतो तिथे. मला वाटतं एफ सुटला तो इथे. तर्जनी किंचित कडेवर कलवली की दुसरी तार बोलते, हे हाताला त्याच आठवड्यात सापडलं.

संशोधनाचा आधार आहे, पण जपून घ्यावा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात आठवड्यातून एकदा ४५ मिनिटं, असा सहा आठवडे तोलाचा सराव केलेल्यांच्या मेंदूच्या रचनेत एमआरआयवर बदल दिसले. १९९५ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ९ तंतुवादकांच्या डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत जास्त जागा मिळालेली आढळली; त्यांत एक गिटारवादकही होता. दोन्ही वाचून हुरूप येतो, पण तोल साधला म्हणून गिटार येते असं यातून निघत नाही.

म्हणून मी स्वतःवरच ताडून पाहिलं. दोन आठवडे व्यायाम बंद, दोन आठवडे चालू. मिनिटाला सी ते एफ चेंज मोजले. सुरुवातीला ९ होते, आता ३४ आहेत. पण बंद-चालूच्या आठवड्यांत आकड्यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. व्यायामाच्या दिवशी कठीण भागावर जास्त वेळ टिकतो, एवढं नक्की. माझ्यासाठी तेवढंही पुष्कळ आहे.

एक चूक करू नका. तिसऱ्या महिन्यात खोलीच्या मध्यभागी डोळे मिटून बोर्डवर चढलो आणि डाव्या मनगटावर पडलो. दहा दिवस गिटार बंद. तेव्हापासून भिंत हाताच्या अंतरावर असते आणि बोर्डवर डोळे उघडे. चक्कर येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नका.

सध्या उशीवर डोळे मिटून सहा-सात सेकंद टिकतो. गिटारवर बी मायनर हा दुसरा बार कॉर्ड चालू आहे, आणि तिथे पुन्हा एक तार मुकी आहे, या वेळी पहिली.