‘आईच्या गाण्यां’चा कार्यक्रम: गावात बोलवायचा तर काय पाहावं

यवतमाळकडच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात या मंडळाला पाटीवरच्या नावाने कोणी ओळखत नाही. ‘त्या आईच्या गाण्यावाल्या बाया’ म्हटलं की भीमजयंतीच्या कुठल्याही समितीकडे नंबर सापडतो. एकूण सात जणी. एक ढोलकीवर, एक पेटीवर, दोघींकडे खंजिरी आणि टाळ, उरलेल्या तिघी गळ्याच्या. अडीच तासांची बिदागी सहा हजार, गाडीभाडं वेगळं, रात्रीचं जेवण आपल्याकडे. साउंड त्या आणत नाहीत. निम्म्या कार्यक्रमांची माती तिथेच होते, त्याबद्दल पुढे.

पहिला पाऊण तास जात्यावरच्या ओव्या, पाळणे आणि भुलाबाईची गाणी. ठीक आहे. या भागातलं कुठलंही जुनं भजनी मंडळ एवढं गातं. दुसरा भाग रमाईचा, आणि तो जमतो, कारण यात त्या रडवायची घाई करत नाहीत. गोवऱ्या थापणारी रमाई सगळेच गातात. या मंडळात गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही गेलेली चारही लेकरं एकेका कडव्यात नावानिशी येतात आणि प्रत्येक नावानंतर ढोलकी एक आवर्तन गप्प बसते. मागच्या रांगेतली कुजबुज तिथे आपोआप थांबते.

लोक बोलवतात ते मात्र तिसऱ्या भागासाठी, म्हणजे काळ्या अमेरिकन आयांच्या गाण्यांसाठी. विदर्भाच्या खेड्यात हे कशाला, हा प्रश्न समितीत उठतोच. निवेदिका त्याला दोन मिनिटांत उत्तर देते: जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. एवढं पुरे. समितीतल्या कोणा गुरुजींनी यावर अर्ध्या तासाचं भाषण जोडायचं ठरवलं तर त्यांना आधीच आवरा, लेकरवाल्या बाया उठून जातात.

या भागाची सुरुवात हातांनी होते. दक्षिण कॅरोलायनात १७३९ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १७४० च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल गेले तरी ताल गेला नाही, तो अंगावर आला. मांडी आणि छातीवर वाजवायच्या या प्रकाराला हॅम्बोन म्हणतात. मंडळ तो प्रेक्षकांना शिकवतं. तळवा मांडीवरून वर घासत नेला की पहिला ठोका, छातीवर दुसरा, खाली येताना हाताच्या पाठीने मांडीवर तिसरा. सुरुवातीला एकाच हाताने आणि सावकाश. बाया पाच मिनिटांत धरतात.

अडचणी दोन येतात. सतरंजीवर मांडी घालून बसलं की लुगड्याच्या घड्यांत ठोका मरतो आणि हातही नीट खाली येत नाही. बायांना या दहा मिनिटांपुरतं ओट्याच्या कडेवर किंवा खुर्चीवर पुढे सरकून बसवा. दुसरी अडचण मंडळाचीच आहे. हॅम्बोनचे ठोके तिनाच्या गटात पडतात आणि ढोलकीवाली सवयीने खाली केरवा धरते. तीन ठोके चारात बसवता बसवता बाया अडखळतात आणि समजतात आपल्यालाच येत नाही. ठरवतानाच सांगून ठेवा: इथे तिनाच्या गटांचा दादरा वाजवा, नाहीतर ढोलकी बंद. दादऱ्यावर सगळं अंगण एका दमात चालतं.

मग फेर. जॉर्जियातल्या मॅकिंटॉश काउंटीत हा फेर, रिंग शाउट, आजही टिकून आहे. एकजण ओळ टाकते, बाकीच्या उचलतात, आणि एकजण झाडूचा दांडा लाकडी जमिनीवर आपटून ठेका देते. पाय उचलायचे नाहीत, घासत सरकवायचे, एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. ‘हे तं आपल्या भुलाबाईसारखंच हाय’ असं कोणीतरी म्हणतंच, आणि ओळ टाकणं-उचलणं खरंच तसं आहे. दिशा मात्र उलटी. आपल्याला प्रदक्षिणेची सवय, उजवा हात मधोमध. या फेरात डावा हात मधोमध ठेवून चालायचं. हे आधी सांगितलं नाही तर अर्ध्या बाया इकडून आणि अर्ध्या तिकडून येऊन मधे धडकतात. मंडळ सांगतं, पण फेर उभा राहिल्यावर, गलक्यात. बसलेल्या असतानाच सांगायला लावा. शेणाने सारवलेल्या अंगणात किंवा फरशीवर दांड्याचा आवाज येत नाही. तीन बाय दोन फुटांची प्लायची फळी दोन विटांवर आडवी ठेवा, खाली पोकळी राहिली की ठेका गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

फेर संपून बाया धापा टाकत बसल्या की ‘समटाइम्स आय फील लाइक अ मदरलेस चाइल्ड’ येतं. आईवेगळ्या लेकराचं हे गाणं फिस्क ज्युबिली सिंगर्स या गायकवृंदाने १८७० च्या दशकात मंचावर नेलं. आपल्या फिस्क विद्यापीठासाठी पैसे उभे करायला ही पोरं १८७१ मध्ये नॅशव्हिलहून निघाली होती. गाण्याआधी निवेदिका एकच गोष्ट सांगते: व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरवलं, म्हणजे गुलाम बाईच्या पोटचं लेकरू जन्मतःच गुलाम, बाप कोणी का असेना. आईपासून लेकरू तोडून विकता येत होतं ते त्यामुळे. जातही जन्मानेच अंगाला चिकटते, हे समोर बसलेल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

इथे मंडळ दोन गोष्टी करतं, एक वाईट आणि एक फार चांगली. वाईट ही की मोबाईलवरून ब्लूटूथने इंग्रजी रेकॉर्डिंग लावतात. डीजेच्या स्पीकरच्या डब्यांतून त्यातला गळा हरवतो, नुसती घुमणारी हवा उरते, मधेच कोणाचा तरी फोन येतो. चांगली ही की त्यानंतर मंडळातली सगळ्यात वडील बाई तेच गाणं मराठी करून ओवीच्या चालीत म्हणते. पेटी नाही, टाळ नाही. ढोलकीवाली दोन्ही तळवे पुडीवर, म्हणजे ढोलकीच्या चामड्यावर, पालथे ठेवून बसते, चुकूनही आवाज निघू नये म्हणून. रेकॉर्डिंग वगळायला सांगा, त्या ऐकतात.

यानंतर सुईणींचं गाणं. अमेरिकेच्या दक्षिणेत खेड्यापाड्यांतली बाळंतपणं कित्येक पिढ्या काळ्या सुईणींनी केली. जॉर्जियाच्या मेरी कोली यांच्या हातून तीन हजारांवर बाळं जन्मली आणि १९५३ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने सुईणींना शिकवायला त्यांच्यावर चित्रपट काढला. गावात जुनी दाई असेल तर तिला पुढच्या रांगेत बसवा. सत्कार, शाल, नारळ या वेळी नको, गाण्याची लय तुटते.

आकडे सांगताना मात्र मंडळ ढिलं पडतं. ‘तिथे काळ्या आया तिप्पट मरतात’ असं म्हणून निवेदिका पुढे जाते. साल सांगायला हवं. अमेरिकी सरकारच्या नोंदीत २०२१ साली एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ काळ्या मातांचा मृत्यू झाला, गोऱ्या मातांचा आकडा २६.६. २०२३ मध्ये दोन्ही आकडे उतरले, ५०.३ आणि १४.५, पण दोन्हींतलं प्रमाण वाढून साडेतीनपटीच्या आसपास गेलं. बाया लगेच विचारतात, ‘अन आपलं?’ त्याचं उत्तर तयार नसतं. २०१८-२० च्या नमुना नोंदणीत महाराष्ट्राचा आकडा ३३ होता, आणि राज्याच्या त्या सरासरीत मेळघाट वेगळा दिसत नाही. गावच्या आशाताईंना या पाच मिनिटांसाठी माईक द्या, निवेदिकेपेक्षा त्या नीट सांगतील.

एका बाबतीत मंडळ हट्टी आहे आणि तो हट्ट योग्य आहे. शाळेच्या पोरींना तोंडाला काळं फासून, कुरळे विग घालून नाच बसवायची हौस कुठल्याशा समितीला येतेच. मंडळ सरळ नाही म्हणतं. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळं लावून काळ्यांची टिंगल करणारे खेळ करायचे, नाच कितीही प्रेमाने बसवला तरी दिसतो तसाच. सूत्रसंचालकालाही ‘हबशी’, ‘निग्रो’ म्हणू देऊ नका. काळ्या अमेरिकन म्हटलं की झालं.

आता साउंड. बारा इंची दोन डबे पाचशे माणसांना भरपूर होतात. डबे गाणाऱ्यांच्या पुढे, तोंड लोकांकडे. मागे ठेवले की माईक त्यांचाच आवाज पुन्हा उचलतो आणि शिट्टी सुरू होते. एको पूर्ण बंद ठेवायला लावा. डीजेवाल्याला एकोशिवाय करमत नाही, पण ओवीचा एक शब्द दुसऱ्यावर चढला की काही कळत नाही. ढोलकीला माईक शाईच्या, म्हणजे पुडीवर काळा गोल असतो त्या, बाजूने, चार-पाच बोटं दूर. धूम, म्हणजे दुसऱ्या बाजूचा जाड आवाज, त्यातही येते. तान्ही लेकरं घेतलेल्या बाया डब्यापासून वीस फूट तरी लांब बसवा.

ढोलकी नटबोल्टची आहे. एप्रिलच्या कोरड्या उन्हात पुडी ताणून चढते, म्हणून गाडीच्या टपावर किंवा पत्र्याखाली ठेवू देऊ नका, शाईला तडा जातो. पावसाळ्यात उलटं, चामडं सैल पडून बोल बसतो. मंडळ काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात, गातं आणि गावच्या बायांचा गळा फेरात तिथे पोचत नाही. काळी तीन मागा. ढोलकी एवढी उतरते. त्याखाली नेली की आवाज मेल्यासारखा येतो. पाना त्यांच्या पिशवीत असतो, पण उतरवून सुरात बसवायला पंधरा मिनिटं लागतात, ती मध्यंतरात धरा.

बारशाला बोलवत असाल तर अडीच तास नको. बाळंतिणीला एवढं बसवत नाही, मधे बाळाला पाजायचंही असतं. तासाभरात पाळणे, एक रमाईचं गाणं आणि हॅम्बोन, एवढंच. तीन हजारांत येतात. बाळंतिणीला पाटावर न बसवता भिंतीला लोड लावून बसवा.

तारखेचं म्हणाल तर ११ ते १७ एप्रिल हा आठवडा मिळणं कठीण. ११ ला जोतिबांची जयंती आणि भारताचा सुरक्षित मातृत्व दिन, १४ ला बाबासाहेबांची जयंती, आणि अमेरिकेत २०१८ पासून काळ्या मातांच्या आरोग्याचा आठवडाही नेमका हाच. संक्रांतीआधी फोन केला तर जमतं. ७ फेब्रुवारीची रमाई जयंती त्या मानाने मोकळी असते, रात्री हवाही बरी. एप्रिलमध्येच हवं असेल तर साडेआठच्या आत माईक लावू नका, अंगण तोवर तापलेलं असतं आणि फेर अनवाणी पायांचा आहे.