सिंथच्या मागे कोणता डिले?

गिटारवाल्याला डिले (वाजलेला आवाज थोड्या वेळाने प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारं पेडल) कशाला लागतो ते समजायला सोपं आहे. तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो, आणि डिले त्या विरणाऱ्या सुराला मागून हात देतो. सिंथवाल्याची, म्हणजे सिंथेसायझर वाजवणाऱ्याची, गोष्ट वेगळी. पट्टी दाबून ठेवाल तोवर सूर वाजतो, फिल्टर (आवाजातल्या वरच्या कंपनसंख्या कमी-जास्त करणारा भाग) उघडला की कानाला टोचेल इतका धारदार होतो, आणि सूर खाली उतरला तर खोलीचं दार थरथरतं. आवाज आधीच भरलेला आहे. त्याच्या मागे आणखी आवाज टाकायचा, तर तो कुठे बसेल हा पहिला प्रश्न. म्हणून गिटारवाल्यांनी केलेल्या शिफारशी जशाच्या तशा उचलून सिंथसाठी पेडल घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

इथे मी चार पेडलं शेजारी शेजारी ठेवतो आहे: एमएक्सआर कार्बन कॉपी, बॉस डीडी-८, बॉस आरई-२०२ आणि स्ट्रायमन टाइमलाइन. बाजारात शेकडो आहेत. पण या चौघांत डिलेच्या मुख्य वाटा येतात, आणि एकदा वाट ठरली की त्या वाटेवरचं दुसरं एखादं पेडल निवडणं फार अवघड जात नाही.

आवाज फाटतो तो कुठे?

पेडलं गिटारच्या पिकअपसाठी (तारांची कंपनं विजेत बदलणाऱ्या भागासाठी) बनलेली असतात. पिकअपमधून येणारा सिग्नल साधारण व्होल्टच्या काही दशांशांचा. सिंथ मात्र लाइन लेव्हलवर, म्हणजे ध्वनी उपकरणं एकमेकांना जोडताना वापरतात त्या पातळीवर, बोलतो. घरगुती उपकरणांची लाइन लेव्हल सुमारे ०.३ व्होल्ट, स्टुडिओतली सुमारे १.२३ व्होल्ट, आणि युरोरॅक मॉड्युलर (सुटे भाग जोडून बनवलेला सिंथ) असेल तर शिखरापासून तळापर्यंत १० व्होल्टच्या आसपास. पेडल चालतं ९ व्होल्टवर. म्हणजे मॉड्युलरचा सिग्नल थेट आत घातला तर त्याला मावायला जागाच नाही.

हे ऐकून समजून घ्यायचं असेल तर असं करून बघा. मोनो सिंथवर (एका वेळी एकच सूर वाजवणाऱ्या) सॉटूथ (करवतीच्या दात्यांसारखी, धारदार आवाजाची लहर) लावा, रेझोनन्स (फिल्टर जिथे कापतो तिथला उठाव) अर्ध्याच्या वर ठेवा, सिंथचा व्हॉल्यूम पूर्ण. आता फिल्टरचा नॉब हळूहळू फिरवा. बराच वेळ सगळं ठीक वाटतं. मग रेझोनन्सचं शिखर एखाद्या स्वरावर येऊन बसतं आणि तेवढ्याच क्षणी प्रतिध्वनी ‘फर्रर्र’ करून फाटतो. मूळ आवाज मात्र स्वच्छ असतो. दोष बहुतेक वेळा पेडलचा नसतो. सिंथचा व्हॉल्यूम अर्ध्यावर आणा आणि तोच नॉब पुन्हा फिरवा. फरक लगेच कळतो. गेलेला आवाज पेडलनंतर मिक्सरवर भरून काढता येतो. मात्र सिंथचा व्हॉल्यूम अगदी तळाला नेऊ नका, नाहीतर पेडलचा सुस्कारा वर येतो.

इनपुट इम्पीडन्सची (पेडलच्या इनपुटच्या विद्युत विरोधाची) काळजी करू नका. गिटारला एक मेगाओहमच्या घरातलं इनपुट लागतं, नाहीतर तिच्या आवाजाचा वरचा भाग मरतो. सिंथच्या आउटपुटला त्याने काही बिघडत नाही. काही पेडलांवर लेव्हलचं बटणच दिलेलं असतं. इव्हेंटाइडच्या टाइमफॅक्टरच्या पाठीवर गिटार आणि लाइन असे स्वतंत्र स्विच आहेत. मॉड्युलरवाल्यांनी ही सोय आधी शोधावी.

कार्बन कॉपी: अंधारा आवाज, मोकळे हात

हे २००८ सालचं पेडल. आत बकेट ब्रिगेड चिप आहे. ही कल्पना फिलिप्सच्या प्रयोगशाळेत १९६९ साली निघाली. आग विझवायला माणसांची रांग लागते आणि बादली हातोहात पुढे जाते, तसा सिग्नलचा छोटा छोटा भार एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकतो. सरकवण्याचा वेग कमी केला की डिले लांबतो, पण त्याच बरोबर वरच्या कंपनसंख्या गळतात, कारण हळू चालणारी रांग बारीक तपशील नेऊ शकत नाही. म्हणून ॲनालॉग डिले जितका लांब तितका काळवंडलेला.

गिटारवाले या काळोखाला ‘ऊब’ म्हणतात. सिंथवाल्यासाठी तो त्याहून कामाचा आहे. सॉटूथचा लीड पुढे चमकतो, प्रतिध्वनी मागे सावलीसारखा बसतो आणि दोघे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. इक्वलायझरला हात लावावा लागत नाही. माझ्या मते तेजस्वी, एकच सूर वाजवणाऱ्या सिंथला याच्याइतकी सहज जमणारी जोडी नाही.

वरती तीन नॉब आहेत: रिजेन, मिक्स, डिले. मॉड्युलेशनसाठी (प्रतिध्वनीचा सूर हलकासा डोलवण्यासाठी) एक छोटं बटण, आणि त्याची रुंदी-गती बदलायची तर पेडल उघडून आतले दोन ट्रिमर स्क्रूड्रायव्हरने फिरवावे लागतात. रिजेन वर नेला की प्रतिध्वनी स्वतःवरच चढत जातो आणि ओरडायला लागतो. त्याच वेळी डिलेचा नॉब फिरवला तर सूर मींड घेतल्यासारखा वर-खाली घसरतो. इथे सिंथवाल्याचा फायदा आहे. गिटारवाल्याचे दोन्ही हात अडकलेले असतात. आपला सिक्वेन्सर (सुरांची ठरवलेली ओळ आपोआप वाजवणारं यंत्र) वाजत असतो आणि हात मोकळे असतात. पेडल जमिनीवर ठेवूच नका. सिंथच्या शेजारी, हाताला येईल असं टेबलावर ठेवा.

उणिवा स्पष्ट आहेत. सगळं मोनो. टॅप टेम्पो (बटण तालात दाबून लय देण्याची सोय) नाही, मिडी (उपकरणांना एकमेकांशी संदेशांनी बोलायला लावणारी पद्धत) नाही. जास्तीत जास्त ६०० मिलिसेकंद. मिनिटाला १०० मात्रांची लय असेल तर एक पूर्ण मात्रा बरोबर ६०० मिलिसेकंदांची होते, म्हणजे तिथेच हद्द संपली. ७५ मात्रांच्या संथ लयीत पूर्ण मात्रा ८०० मिलिसेकंदांची, ती बसणार नाही; अर्ध्या मात्रेवर काम भागवावं लागेल. आणि ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सर्किट टाळून सरळ बाहेर जातो) असल्यामुळे पेडल बंद केलं की प्रतिध्वनीची शेपूट कापल्यासारखी थांबते.

डीडी-८: स्वच्छ आणि दोन्ही कानांना

बॉसचं डीडी-२ हे १९८३-८४ च्या सुमारास आलं. लहान आकाराच्या पेडलात डिजिटल डिले बसवणारं ते पहिलं. २०१९ चं डीडी-८ त्याच घराण्यातलं. त्याच आकाराच्या डब्यात आता ११ मोड, १० सेकंदांपर्यंत डिले, ४० सेकंदांचा लूपर (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारा) आणि आत-बाहेर दोन्हीकडे स्टिरिओ. तुमच्या सिंथचा आउटपुट स्टिरिओ असेल, तर ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. स्टिरिओ कोरस (आवाज रुंद करणारा इफेक्ट) लावलेला पॅड (लांब, पसरट सूर) मोनो पेडलात घातला की त्याची अर्धी रुंदी गेली म्हणून समजा.

डिजिटलचा स्वभाव असा की प्रतिध्वनी मूळ आवाजाइतकाच लखलखीत येतो. खोल, गोल, साइन वेव्हच्या जवळचा आवाज असेल, किंवा टकटक वाजणारे छोटे प्लक (छेडल्यासारखे तुटक सूर) असतील, तर ही स्वच्छता फार सुंदर वाटते. प्रत्येक ठोका मोजता येतो. पण उघड्या फिल्टरच्या सॉटूथवर फीडबॅक (कार्बन कॉपीवरच्या रिजेनसारखाच, प्रतिध्वनी किती वेळ परत यावा ते ठरवणारा) वाढवला की चौथ्या-पाचव्या प्रतिध्वनीपर्यंत वरच्या पट्टीत नुसती गर्दी होते. अशा वेळी वॉर्म किंवा ॲनालॉग मोडवर जावं. ती नक्कल आहे, तरी वाद्यवृंदात ती नक्कल आहे हे कोणाला कळणार नाही.

डीडी-८ वर मिडी नाही. लय द्यायची तर पायाने टॅप करावी लागते. सिक्वेन्सरबरोबर वाजवणाऱ्याला हे खुपेल. त्याने थोडे जास्त पैसे घालून त्याच कंपनीचं डीडी-२०० बघावं. तेही २०१९ चंच, १२ मोडचं, स्टिरिओ, आणि मिडीसह. खरं सांगायचं तर सिंथसाठी या दोघांतून निवड करायची वेळ आली तर मी डीडी-२०० घेईन. टेबलावर जागा थोडी जास्त लागते एवढंच.

आरई-२०२: टेपची आठवण

रोलंडचं आरई-२०१ स्पेस एको १९७४ साली आलं. आत टेपची एक सलग पट्टी फिरत असे, तिच्यावर एक हेड ध्वनी लिहायचं आणि पुढची तीन हेडं तो वाचायची. कोणती हेडं चालू ठेवायची यासाठी १२ जागांचा गोल स्विच. शिवाय स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून घुमवलेला आवाज). जमैकात संगीत निर्माता ली पेरीने हे यंत्र जवळजवळ वाद्यासारखं वाजवलं, आणि डब (रेगेतून निघालेल्या) संगीताचा तो तरंगता, स्वतःवर कोसळणारा प्रतिध्वनी जगभर पोचला.

बॉसचं २०२२ चं आरई-२०२ ही त्याची डिजिटल प्रतिकृती. वाचणारं चौथं हेडही यात दिलंय. स्टिरिओ आहे, मिडी आहे. टेप फिरताना किती डगमगावी आणि तिच्यावर आवाज किती दाटावा (सॅच्युरेशन) यासाठी वेगळे नॉब आहेत. आणि अनेक हेडांमुळे जे होतं ते एका डिलेच्या पेडलाला जमत नाही: एकच स्वर वाजवा, तर तीन वेगवेगळ्या अंतरांवरून तो परत येतो आणि साध्या चार सुरांच्या सिक्वेन्सला आपोआप आडवी-उभी वीण मिळते. मी या पेडलासाठी मुद्दाम मोकळे सिक्वेन्स रचतो. सोळापैकी चार-पाच पायऱ्या भरायच्या, बाकी रिकाम्या. भरायचं काम हेडं करतात.

ज्याला आवाजाचे बारा प्रकार नकोत, एकच पण बोलका आवाज हवा, त्याने हे घ्यावं. मिडीची गरज नसेल तर आरई-२ हे लहान भावंड स्वस्तात मिळतं, तेही स्टिरिओ.

टाइमलाइन: सगळं एका डब्यात

२०११ चं हे पेडल आजही टिकून आहे, यावरूनच त्याची योग्यता कळते. १२ प्रकारची डिले यंत्रं, २०० प्रीसेट (साठवून ठेवता येणाऱ्या सेटिंग), स्टिरिओ, मोठ्या पाच पिनांच्या जॅकसह पूर्ण मिडी. टेप, बकेट ब्रिगेड, स्वच्छ डिजिटल, उलटा, तुकडे करणारा, सगळं आहे. मूळ आवाज पूर्ण बंद करून फक्त प्रतिध्वनी बाहेर सोडायची सोयही आहे. मिक्सरच्या सेंड-रिटर्नवर (आवाजाची एक प्रत बाहेर पाठवून परत मिसळण्याच्या वाटेवर) पेडल लावणाऱ्यांसाठी ती अत्यावश्यक आहे. ती नसेल तर मूळ आवाज दोनदा मिक्समध्ये येतो.

कार्यक्रमात दर गाण्याला वेगळा डिले लागणाऱ्या कीबोर्डवादकाला याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. सिंथचा पॅच (साठवलेला आवाज) बदलला की त्याच मिडी संदेशाने पेडलचा प्रीसेटही बदलतो. पण घरी बसून एका सिंथवर प्रयोग करणाऱ्याला मी हे पहिलं पेडल म्हणून सांगणार नाही. किंमत कार्बन कॉपीच्या कितीतरी पट आहे, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे माणूस वाजवायचं सोडून मेन्यूत फिरत राहतो.

लय कोण धरणार?

मिडी क्लॉक एका मात्रेचे २४ भाग करून पाठवतो. पेडलने ते घेतले तर लय वाढवली-कमी केली तरी प्रतिध्वनी सोबत चालतो. सिक्वेन्सर किंवा ड्रम मशीन असेल तर मिडी असलेलंच पेडल घ्या. हाताने वाजवत असाल तर नसलं तरी चालेल. हिशोब सोपा आहे: ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० ला ५००. त्याचा पाऊणपट, म्हणजे ३७५, हा तो दुडक्या चालीचा प्रतिध्वनी, जो साध्या आठव्या नोटांनाही नाचवतो.

मिनी जॅकची मिडी केबल घेताना ‘टाइप ए’ (आतल्या तारांची एक जोडणी) आहे ना ते विचारा. २०१८ साली तोच प्रमाण ठरला, पण जुनी काही उपकरणं ‘टाइप बी’ची आहेत, आणि चुकीची केबल लावली की काहीच होत नाही, माणूस तासभर सेटिंग शोधत बसतो.

पिन बघा, मग लावा

पेडलांचे अडॅप्टर बहुतेक ९ व्होल्ट आणि मध्यभागी ऋण. कॉर्गचे व्होल्का सिंथही ९ व्होल्टचेच, पण मध्यभागी धन. पिन तशीच दिसते, बसतेही तशीच. अडॅप्टरच्या पाठीवर एक छोटं चित्र असतं: मधे ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, दोन बाजूंना अधिक आणि उणे. टॉर्च घेऊन ते वाचा आणि उपकरणाच्या जॅकजवळच्या चित्राशी जुळवा. मी प्रत्येक अडॅप्टरला रंगीत चिकटपट्टी लावली आहे, पेडलांना निळी, सिंथना लाल. दुसरं म्हणजे विजेची भूक: कार्बन कॉपीला तीसेक मिलिअँपिअरही पुरतात, टाइमलाइनला ३०० लागतात. एकाच अडॅप्टरवरून डिजिटल आणि ॲनालॉग पेडल साखळीने चालवलं तर डिजिटलची बारीक शीळ ॲनालॉगमध्ये उतरते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर वेगवेगळे अडॅप्टर सहज मिळतात, दोन घ्या.

मग कोणी काय घ्यावं? आधी हातातला सिंथ बघा. कॉर्ग मिनिलॉगसारख्या सिंथच्या आत डिले आहेच. तो महिनाभर मनापासून वापरा आणि त्यात काय कमी पडतं ते वहीत लिहा. आर्टुरिया मायक्रोफ्रीकसारख्या इफेक्ट नसलेल्या, मोनो आउटपुटच्या, धारदार सिंथला कार्बन कॉपी. स्टिरिओ पॉलीसिंथ (एकाच वेळी अनेक सूर वाजवणारा) आणि ड्रम मशीन असेल तर डीडी-२००. एकट्याने लांब, तरंगते तुकडे रचणाऱ्याला आरई-२०२. रंगमंचावर कार्यक्रम करणाऱ्याला टाइमलाइन. आणि दुकानात जाताना स्वतःचा सिंथ सोबत न्या. तिथल्या गिटारवर ऐकून ठरवू नका. फिल्टर पूर्ण उघडा, एकच स्वर वाजवा, पट्टी सोडा, आणि पाचवा प्रतिध्वनी कसा येतो ते डोळे मिटून ऐका.