बातम्या एकाखाली एक लावणारं अ‍ॅप : वर्षभराच्या वापरानंतर

पाचपैकी साडेतीन तारे.

युद्धाच्या बातम्यांवरचा माझा विश्वास उडत चालला होता, म्हणून गेल्या वर्षी मी या अ‍ॅपची वर्गणी भरली. एकाच घटनेची बातमी निरनिराळ्या वृत्तसंस्थांनी आणि वर्तमानपत्रांनी कशी दिली, ते हे अ‍ॅप एकाखाली एक लावून दाखवतं. प्रत्येक बातमीपुढे एक रंगीत पट्टी असते : डावीकडे झुकलेली, मध्यम किंवा उजवीकडे झुकलेली. या धर्तीची अ‍ॅप्स आता बरीच निघाली आहेत. मी वापरतो त्याचं नाव इथे देत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही करायची आहे.

मी मुद्रितशोधक आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं तपासतोय, त्यामुळे बातमी समोर आली की नजर आधी क्रियापदावर जाते. 'ठार केले', 'ठार झाले', 'मृत्युमुखी पडले', 'कंठस्नान घातले'. मेलेला माणूस तोच. पण 'ठार केले' म्हटलं की कोणी केले, हे सांगावंच लागतं. 'मृत्युमुखी पडले' म्हटलं की मारणारा वाक्यातून नाहीसा होतो, दरड कोसळून माणसं गेली असावीत तसं वाटतं. आणि 'कंठस्नान' लिहिणाऱ्याने आपण कोणाच्या बाजूचे ते सांगूनच टाकलेलं असतं. एकच बातमी वाचली तर हे निसटतं. दहा मथळे एकाखाली एक आले की लपत नाही. एका बाजूची माणसं सगळीकडे 'मारली जातात' आणि दुसऱ्या बाजूची नुसतीच 'मरतात', हे मला या अ‍ॅपवर पहिल्याच आठवड्यात दिसलं. अ‍ॅप घ्यायला माझ्या मते एवढं कारण पुरे आहे.

दुसरी सोय त्याहून मोलाची : मथळा कधी आणि कसा बदलला, त्याची नोंद. गाझा शहरातल्या अल-अहली रुग्णालयात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी झालेल्या स्फोटाचं उदाहरण घ्या. न्यूयॉर्क टाइम्सच्या सुरुवातीच्या मथळ्यात शेकडो लोक 'इस्रायली हल्ल्यात' ठार झाल्याचं होतं. मग त्यातून 'इस्रायली' गेलं, नुसता 'हल्ला' राहिला. मग 'हल्ला'ही गेला आणि 'स्फोट' आला. 'पॅलेस्टिनींचं म्हणणं' हे शब्द तिन्ही वेळा होते, पण अगदी शेवटी, वाचणाऱ्याचा डोळा तिथे पोचेपर्यंत त्याचं मत बनलेलं असतं. सहा दिवसांनी संपादकांनी टीप छापून कबूल केलं की सुरुवातीच्या बातम्या, हल्ला इस्रायलनेच केला या हमासच्या दाव्यावर फार विसंबल्या होत्या आणि तो दावा तेव्हा पडताळता येत नव्हता. मृतांचा आकडा गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने ४७१ सांगितला. अमेरिकी गुप्तचर यंत्रणांचा अंदाज १०० ते ३०० होता.

हे वाचून कोणी 'बघा, पत्रकार एकाच बाजूचे' म्हणणार असेल, तर त्याच वर्तमानपत्राची २६ मे २००४ ची टीपही वाचावी. इराककडे महासंहारक शस्त्रं असल्याच्या बातम्या हव्या तितक्या कसून तपासल्या गेल्या नव्हत्या, अशी ती कबुली होती. तिथे विश्वास टाकला होता तो सद्दामची राजवट उलथायला निघालेल्या परागंदा इराकींवर. चूक तीच, सांगणाऱ्याचा त्यात काय हेतू आहे ते न बघण्याची. पण गाझाच्या वेळी टीप सहा दिवसांत आली, इराकच्या वेळी युद्ध सुरू होऊन चौदा महिने झाले होते. माझी खरी चीड या चौदा महिन्यांवर आहे.

आता तक्रार. अ‍ॅपमध्ये मराठी भाषांतराची सोय आहे आणि ती घातक आहे. हा शब्द मी विचार करून वापरतोय. रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा नियम आहे की विशिष्ट व्यक्तीला, गटाला किंवा घटनेला 'दहशतवादी' हे विशेषण स्वतःच्या तोंडाने लावायचं नाही, कोणी म्हटलं ते सांगून लावायचं. बीबीसीचं धोरणही साधारण तेच, आणि त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनीसुद्धा बीबीसीला धारेवर धरलं होतं. निरपराध माणसांना मारणाऱ्याला दहशतवादी म्हणायचं नाही तर काय म्हणायचं, हा प्रश्न मला रास्त वाटतो. पण नियम पटो न पटो, तो जाणूनबुजून केलेला आहे. या अ‍ॅपच्या भाषांतरात 'मिलिटंट' (म्हणजे नुसता हत्यारबंद लढणारा) पहिल्या परिच्छेदात 'दहशतवादी' होतो, दुसऱ्यात 'अतिरेकी' आणि खाली गेल्यावर 'लढवय्या'. एकाच बातमीत, एकाच माणसासाठी! मराठी वाचकाला वाटणार की बातमीदारानेच तसं लिहिलंय. मथळ्यातलं 'असं लष्कराने सांगितलं' तर कित्येकदा भाषांतरात गळूनच पडतं, आणि एका बाजूचा दावा सिद्ध झालेली गोष्ट होऊन बसतो. मी मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून तीनदा कळवलं. पहिल्याला ठरावीक उत्तर आलं, पुढच्या दोन्हींना काहीच नाही. मराठीचं बटण बंद ठेवा, मूळ इंग्रजीतच वाचा.

रंगीत पट्ट्यांचाही युद्धाच्या बातमीत उपयोग नाही. डावं-उजवं ही देशांतर्गत राजकारणाची मोजपट्टी झाली. कोणाच्या मृतांना नाव आणि फोटो मिळतो, कोणाचे मृत नुसता आकडा होतात, प्रवक्ता कोणाचा बोलतो, हे त्या पट्टीत कुठेच येत नाही. आणि ती पट्टी वाचणाऱ्याच्या संशयाला खतपाणी घालते. माझ्या बहिणीचं आणि माझं खातं एकच. एका संध्याकाळी गाझातल्या ओलिसांवरची आणि तिथल्या बाँबहल्ल्यांवरची एक चित्रफीत आम्ही दोघांनी पाहिली. ताई चिडली, "बघितलंस? ओलिसांच्या घरच्यांना जेमतेम दहा सेकंद दिले!" मी म्हटलं, "अगं, पण ती घरं कोणी पाडली हे एकदा तरी सांगितलं का त्यांनी?" मग घड्याळ लावून पुन्हा पाहिली. ओलिसांच्या घरच्यांना पस्तीस सेकंद होते. आणि घरं कोणी पाडली ते निवेदिकेने दुसऱ्याच वाक्यात सांगितलं होतं, मला ते ऐकूच आलं नव्हतं. ताई बराच वेळ गप्प होती, मीही.

वॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी १९८५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. लेबनॉनची राजधानी बैरुतमधल्या पॅलेस्टिनी छावण्यांत १९८२ मध्ये झालेल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या त्यांनी इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या त्याच, पण दोन्ही गटांना त्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या वाटल्या. म्हणून माध्यमं निर्दोष ठरत नाहीत, वरची दोन्ही कबुलीपत्रं खरीच आहेत. पण अ‍ॅपने पट्टी दाखवताना ही गोष्ट वाचकाच्या कानावर घालायला हवी होती.

आणि सुदान. १५ एप्रिल २०२३ पासून तिथे लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध चालू आहे, एक कोटीहून जास्त लोकांना घरदार सोडावं लागलं. अ‍ॅपवर 'सुदान' टाकलं तर कित्येक दिवस दोन-तीन बातम्या येतात, पट्टी कोरी असते, कारण तुलना करायला दुसरं काही छापलेलंच नसतं. त्या कोऱ्या जागेला अ‍ॅपकडे रंग नाही. मला विचाराल तर पहिला रंग तिला द्यायला हवा होता.

वर्गणी मी पुढच्या वर्षासाठीही भरली आहे, मथळ्यांच्या त्या नोंदीसाठी. पट्ट्या लपवायची सोय सेटिंगमध्ये आहे, मी त्या लपवल्या आहेत. ताईला त्या हव्यात, त्यामुळे तिच्या फोनवर त्या दिसतात. आठवड्यातून एकदा आम्ही एकच बातमी निवडून दोघं वेगवेगळी वाचतो आणि मग घड्याळ घेऊन बसतो.