रियुनियनचा जागृत ज्वालामुखी: खाजगी मार्गदर्शकासोबतची एक दिवसाची सहल

रियुनियन बेटावरचा पितों द ला फूर्नेज हा जगातल्या सर्वाधिक जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे. तो पाहण्यासाठी स्वतः गाडी भाड्याने घेऊन जाता येते, पर्यटकांच्या मोठ्या बसमधून जाता येते, किंवा केवळ आपल्या कुटुंबापुरता मार्गदर्शक आणि त्याची गाडी दिवसभरासाठी ठरवता येते. आम्ही चौघांनी तिसरा पर्याय निवडला. तिन्हींत तो सर्वांत खर्चिक असला, तरी शुल्क माणशी न घेता गाडीमागे आकारले जात असल्यामुळे ते चौघांत विभागले गेले, आणि दिवसाअखेरीस पैसे सत्कारणी लागल्याचे समाधान होते. या समाधानाचे संपूर्ण श्रेय मार्गदर्शकाला आहे. ज्या कंपनीमार्फत आरक्षण केले, तिच्याविषयी माझे मत इतके चांगले नाही, आणि त्याची कारणे पुढे दिली आहेत.

रियुनियन हा हिंदी महासागरातला फ्रान्सचा सागरपार प्रांत असून मॉरिशसहून विमानाने तेथे पोहोचायला पाऊण तास पुरतो. व्यवहार युरोमध्ये आणि फ्रेंच भाषेत चालतो. पश्चिम किनाऱ्यावरील सँ-झिल येथील आमच्या निवासस्थानी मार्गदर्शक पहाटे साडेचारला गाडी घेऊन हजर झाला. इतक्या लवकर निघण्याचा आग्रह त्याचाच होता, आणि तो किती योग्य होता हे पुढच्या काही तासांत पटले. पूर्वेकडून येणारे दमट वारे डोंगराला धडकून वर चढतात, आणि सकाळ सरत आली की माथ्यावर ढगांचे दाट आवरण तयार होते. त्यानंतर वर पोहोचणाऱ्याला बहुतेक वेळा धुक्याखेरीज काहीही दिसत नाही. ज्या सहलीच्या पत्रकात निघण्याची वेळ सकाळी आठ किंवा नऊ अशी लिहिलेली असेल, ती सहल घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

किनाऱ्यावरचा उसाचा पट्टा सोडून गाडी प्लेन दे काफ्रच्या पठारावर चढली, तेव्हा हवेत बोचरा गारवा होता आणि दोन्ही बाजूंना गायी चरत असलेली हिरवी कुरणे होती. बूर्ग-म्युरा या गावात ज्वालामुखी वेधशाळा आहे. ती आतून पाहता येत नसली, तरी मार्गदर्शकाने तिच्यासमोर गाडी थांबवून तिच्या स्थापनेमागचा इतिहास सांगितला. 1977 साली लाव्हा नेहमीची सीमा ओलांडून वस्तीत शिरला, आणि त्यानंतर 1979 मध्ये ही वेधशाळा उभी राहिली. शिलारस वर सरकू लागला की डोंगर काही सेंटिमीटरने फुगतो आणि लहान लहान भूकंपांची संख्या वाढते. ही चिन्हे उपकरणांनी टिपली की धोक्याची पातळी जाहीर होते आणि प्रशासन ज्वालामुखीच्या आतील भागाची वाट बंद करते. सतराव्या शतकापासून येथे दीडशेहून अधिक उद्रेकांची नोंद आहे. येथील लाव्हा पातळ असल्यामुळे उद्रेक सहसा स्फोटक नसतात आणि बहुतेक उद्रेक निर्मनुष्य भागातच होतात, म्हणूनच हा ज्वालामुखी इतका जागृत असूनही पर्यटकांसाठी खुला राहू शकतो. ही पार्श्वभूमी आधी समजल्यामुळे वर गेल्यावर आम्ही केवळ छायाचित्रे काढत फिरलो नाही.

वाटेत नेझ द बफ येथून खोल दरीचे दर्शन झाले. ते सुंदर आहे, परंतु थोडक्यात उरकले तरी चालेल, कारण पुढे प्लेन दे साब्ल लागते. डांबरी रस्ता संपतो आणि समोर एक विस्तीर्ण, तांबूस-काळी सपाटी पसरते. तिथे झाड नाही, सावली नाही. खुरट्या झुडपांचे तुरळक ठिपके सोडले तर ज्वालामुखीने उधळलेल्या सच्छिद्र खड्यांचा थर तेवढा आहे. मार्गदर्शकाने एक खडा माझ्या तळहातावर ठेवला. तो आकाराने लिंबाएवढा होता, पण हातात काही धरले आहे असे वाटू नये इतका हलका. वर उडताना शिलारसातील वायू बाहेर पडले आणि त्यांच्या बुडबुड्यांची छिद्रे तशीच गोठून राहिली, हे त्याने तो खडा फिरवून दाखवत सांगितले आणि नंतर तो जिथून उचलला होता तिथेच ठेवायला लावले. हा परिसर 2007 पासून राष्ट्रीय उद्यानात मोडतो आणि 2010 मध्ये जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला आहे. नियमाचा असा शांत आणि ठाम आग्रह धरणारा मार्गदर्शक मला आवडतो. सपाटीवरचा कच्चा रस्ता खाचखळग्यांचा आहे, आणि भाड्याची लहान गाडी घेऊन आलेले काही प्रवासी तिथे अगदी चालण्याच्या वेगाने पुढे सरकत होते.

पा द बेलकोंब हे 2311 मीटर उंचीवरचे ठिकाण म्हणजे ज्वालामुखीच्या कुंडाची कड. पायाखाली उभा कडा, त्याखाली आंक्लो फुके नावाचे सुमारे आठ किलोमीटर रुंदीचे, पूर्वेला समुद्राकडे उघडणारे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे कुंड, आणि कुंडाच्या मध्यावर 2632 मीटर उंचीचा मुख्य शंकू. उन्हे नुकतीच चढत होती आणि प्रत्येक लाव्हाप्रवाहाची सीमा स्वतंत्र दिसत होती: ताजे प्रवाह काळेभोर आणि चकाकणारे, जुने करडे, त्याहून जुने तपकिरी. एप्रिल 2007 मध्ये या शंकूच्या माथ्यावरील दोलोम्यू विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खाली खचला. खालचा शिलारस मोठ्या प्रमाणात बाजूने वाहून गेल्यामुळे माथ्याचा आधार गेला, हे त्याचे कारण.

याच कड्यावर मार्गदर्शकाने एक नकाशा उलगडला, आणि माझ्या दृष्टीने दिवसातला सर्वांत मोलाचा भाग तिथे घडला. आम्ही महाराष्ट्रातले आहोत हे कळल्यावर त्याने आधी दख्खनच्या पठारावर बोट ठेवले, तिथून लक्षद्वीप, मालदीव, शागोस, मॉरिशस आणि शेवटी रियुनियन अशी रेघ ओढली. पृथ्वीच्या पोटातला एक तप्त स्रोत जवळपास जागच्या जागी राहिला आणि त्यावरून भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, उत्तरेकडे सरकत गेला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे कातळ ज्या स्रोतातून ओतले गेले, त्याच स्रोतातून आज या बेटावर लाव्हा येतो, असे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानतात. हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या स्रोताच्या माथ्यावर उभे राहून ऐकणे वेगळे. ज्या काळ्या कातळात आपली लेणी कोरली गेली आणि आपले गड उभे राहिले, तो कातळ द्रवरूपात असताना कसा वाहत असेल, याचे उत्तर समोर पसरले होते. आमच्या मुलीने त्यानंतर विचारलेल्या प्रश्नांना त्याने घाई न करता उत्तरे दिली, आणि खाजगी सहलीचा खरा लाभ मला तिथे जाणवला. बसमधून आलेल्या गटाला त्याच कड्यावर वीस-पंचवीस मिनिटे मिळाली आणि त्यांचा मार्गदर्शक घड्याळाकडे पाहत होता.

कुंडात उतरण्यासाठी कड्याला पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत. तळाशी गेल्यावर लाव्हावर पांढऱ्या रंगाच्या खुणा मारलेल्या दिसतात. धुके उतरले की वाट चुकू नये यासाठी त्यांची सोय आहे आणि त्या सोडून चालायचे नसते. थोड्याच अंतरावर फॉर्मिका लिओ हा छोटा लालसर शंकू लागतो. 1753 च्या उद्रेकात तयार झालेला हा शंकू इतका सुबक आहे की तो मुद्दाम रचला असावा असे वाटावे. त्याच्या आसपास लाव्हाचे दोन्ही प्रमुख प्रकार शेजारीशेजारी पाहायला मिळतात. एकाचा पृष्ठभाग गुळगुळीत, दोरखंडाला पीळ भरावा तसा वळ्यावळ्यांचा. दुसरा खरखरीत, धारदार ढेकळांचा, ज्यावर हात टेकला तर कातडी सोलून निघेल. शिलारसाचे तापमान, त्यातील वायू आणि वाहण्याचा वेग यांमुळे हा फरक पडतो. माथ्यापर्यंतची चढाई एका दिवसाच्या या कार्यक्रमात बसत नाही आणि बसवूही नये. आम्ही परत वर आलो तेव्हा ढगाचे पहिले पुंजके कड्यावर पोहोचले होते.

दुपारचे जेवण हा या सहलीचा दुबळा भाग होता. उपाहारगृह कंपनीने परस्पर ठरवलेले होते, वाढण्यास फार वेळ लागला, आणि शाकाहाराविषयी आधी लेखी कळवूनही ती सूचना स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेली नव्हती. शेवटी भात, मसुराची आमटी आणि पालेभाजी मिळाली. ती चवीला उत्तम होती, परंतु तिथे गेलेला वेळ आम्हाला पूर्व किनाऱ्यावर हवा होता.

हा किनारा घाईत पाहावा लागला याची मला खंत आहे, कारण वर ज्या प्रवाहांचा उगम दिसतो त्यांचा शेवट येथे आहे. पितों-सँत-रोझ येथे 1977 च्या लाव्हाने अनेक घरे गिळली, पण चर्चच्या दाराशी येऊन तो दुभंगला आणि दोन्ही अंगांनी पुढे गेला. गोठलेला काळा लाव्हा आजही भिंतींना लागून उभा आहे. भाविकांसाठी तो चमत्कार आहे, आणि मार्गदर्शकाने त्या श्रद्धेचा पूर्ण मान राखून, दारातल्या लाव्हाचा काठ दाखवत, प्रवाह कसा विभागला गेला असावा हेही समजावले.

त्यापुढे ग्रां ब्रुले या उतारावरून जाणारा किनारी रस्ता लाव्हाप्रवाह कापत जातो, आणि प्रत्येक प्रवाहाशी त्याचे साल लिहिलेली पाटी आहे. मार्गदर्शकाने आम्हाला पाट्या न वाचता वनस्पतींवरून वय ओळखायला शिकवले. गोठलेल्या लाव्हावर काही वर्षांत रुपेरी-करड्या दगडफुलाचा थर येतो, मग भेगांतून नेचे डोकावतात, मग झुडपे, आणि शेवटी जंगल. 2007 च्या प्रवाहावर त्याने खिशातून भिंग काढले आणि काळ्या दगडाच्या ताज्या फुटलेल्या बाजूवर धरले. नुसत्या डोळ्यांना जे हिरवट ठिपके वाटत होते, ते भिंगाखाली ऑलिव्हिन या खनिजाचे पारदर्शक, बाटलीच्या काचेसारखे हिरवे स्फटिक निघाले. त्या वर्षीच्या लाव्हात ते विपुल आहेत. ल त्रांब्लेजवळ याच उद्रेकाने समुद्रात नवी जमीन तयार केली. थोडे दक्षिणेला सँ-फिलिपजवळ 1986 च्या उद्रेकानेही बेटात अशीच भर घातली आहे, पण ती पाहण्याइतका उजेड उरला नव्हता.

आता कंपनीविषयी. तिच्या पत्रकात ‘लाव्हा बोगदा’, म्हणजे वरचा लाव्हा गोठून आतला वाहून गेल्यावर उरणारी पोकळी, हा शब्द ठळकपणे छापलेला होता. प्रत्यक्षात 2004 च्या प्रवाहातील बोगद्यात उतरण्यासाठी शिरस्त्राण, दिवा आणि गुहांचा परवानाधारक वेगळा मार्गदर्शक लागतो, त्याचे आरक्षण स्वतंत्र असते आणि त्यात काही तास जातात. आमच्या मार्गदर्शकाने हे पहाटे गाडीत बसताच सांगून टाकले. कंपनीने ते पैसे घेण्यापूर्वी सांगायला हवे होते. तक्रार केल्यावर आलेले उत्तर नम्र होते, मात्र त्यात चुकीची कबुली नव्हती. त्याहून गंभीर बाब म्हणजे उद्रेकाच्या शक्यतेमुळे कुंडाची वाट बंद झाली तर पैसे परत मिळतील की पर्यायी कार्यक्रम दिला जाईल, याचा अटींमध्ये कुठेही उल्लेख नाही. इतक्या वारंवार जागणाऱ्या ज्वालामुखीच्या बाबतीत ही त्रुटी क्षम्य म्हणता येणार नाही.

ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी पायऱ्या टाळून कड्यावरच थांबावे. तिथून दिसणारे दृश्यही पूर्ण समाधान देते. घाटातील वळणांनी मळमळणाऱ्यांनी औषध आधी घ्यावे. पहाटे वर कडाक्याची थंडी असते आणि दहा वाजता उन्हाचा चटका बसतो, म्हणून लोकरीचा कपडा आणि टोपी दोन्ही जवळ असावीत, आणि बूट जाड तळव्यांचेच असावेत. दिवस हाताशी असतील तर माथ्याकडचा भाग एका दिवशी आणि पूर्व किनारा दुसऱ्या दिवशी असे विभागून घ्यावे, म्हणजे लाव्हा बोगद्यासाठीही वेळ निघेल. आरक्षण करताना मार्गदर्शक इंग्रजीतून सविस्तर बोलू शकतो का आणि त्याला भूशास्त्राची माहिती आहे का, हे फोनवर प्रत्यक्ष त्याच्याशीच बोलून पाहावे, आणि वाट बंद झाल्यास काय होईल याचे उत्तर मात्र कंपनीकडून लेखी घ्यावे.