पुण्यात कमी खर्चात नृत्य पाहणं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

खोलीभाडं आणि घरी पाठवायचे पैसे वजा जाता माझ्या पगारातून हौसेसाठी फारसं उरत नाही. तरी गेल्या पावसाळ्यापासून मी नेमाने नृत्याचे कार्यक्रम पाहतेय. पुण्यात त्यासाठी पाकिटापेक्षा वर्तमानपत्रातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर जास्त कामाला येतं.

कथक नृत्यांगना आणि गुरू रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये इथे ‘नृत्यभारती’ ही कथक शिकवणारी संस्था सुरू केली. पुढच्या पिढ्यांनी कथक गल्लोगल्ली नेलं. त्यामुळे गुरुपौर्णिमेच्या आसपास वर्गांच्या कार्यक्रमांची रीघ लागते, आणि त्यातले बरेचसे विनामूल्य असतात. आधी चिमुरड्यांचा तत्कार, म्हणजे पायांनी वाजवलेले ताल, मग विशारद-अलंकार या वरच्या परीक्षांच्या मुली, शेवटी कधीकधी स्वतः गुरू. एकाच संध्याकाळी सगळी वाटचाल दिसते. महागड्या महोत्सवात फक्त शिखर दिसतं.

भरतनाट्यमची अरंगेत्रम्, म्हणजे शिष्येचं पहिलं पूर्ण एकल सादरीकरण, तर जरूर पाहा. प्रवेश खुला आहे का, तेवढं आधी विचारून घ्या. सुरुवातीच्या अलारिपूपासून शेवटच्या तिल्लानापर्यंतचा रचनांचा क्रम साधारण ठरलेला असतो, त्यामुळे चार ठिकाणी पाहिलं की नजर तयार होते. सुरुवातीला अर्धा-पाऊण तास चालणारं वर्णम्, म्हणजे नृत्य आणि अभिनय दोन्ही असलेली मधली मोठी रचना, मला लांबलेलं वाटायचं. आता त्यासाठीच जाते. जती (बोलांवरचं पदन्यासाचं नृत्य) द्रुत झाल्यावर अरमंडी (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसण्याची मुद्रा) टिकते का, आणि दमछाक झाल्यावर लगेच चेहऱ्यावर विरहिणी उभी राहते का, हे पाहण्यासारखं असतं.

विनामूल्य कार्यक्रमात पुढच्या रांगा बहुधा राखीव असतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उंच रंगमंच असेल तर पहिल्या रांगेतून पावलं नीट दिसतच नाहीत. मधल्या रांगा उत्तम, आणि समूहरचना असेल तर बाल्कनी.

त्रासही आहे. सत्कार आणि भाषणं लांबतात. एका ठिकाणी तर पडदाच तासभर उशिरा उघडला. परतीची बस चुकली की रिक्षात सगळी बचत जाते, म्हणून शेवटच्या बसची वेळ बघूनच मी निघते.

पैसे खर्च करायचेच तर जिवंत साथसंगत असेल तिथे करते. तबला आणि घुंगरांची सवाल-जवाबाची झटापट, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना दोघांची झालेली नजरानजर, हे ध्वनिमुद्रित साथीवर मिळत नाही. लावणीलाही हेच लागू. बालगंधर्व रंगमंदिरात बाल्कनीचं तिकीट काढून ढोलकी ऐकावी, आणि बैठकीची लावणी (बसून, अभिनयासह गायलेली) असेल तर गायिका अदेने एकाच ओळीचे किती अर्थ काढते ते पाहावं.

एक मात्र मी मनाशी ठरवलंय. विनामूल्य कार्यक्रमाचंही सभागृहाचं भाडं आणि साथीदारांचं मानधन कुणीतरी भरलेलं असतं, बऱ्याचदा नर्तकीच्या घरच्यांनी. म्हणून जमेल त्या महिन्यात एक तिकिटाचा प्रयोग पूर्ण पैसे देऊन पाहते, फुकट पास मिळत असला तरी.